झारच्या शिलेदाराच्या मागावर सहा दिवस

शुक्रवार, ३० मे. हेलसिंकी

रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत आणि खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड आहे. भाचीने जाड पडदे ओढले, "मामा, आता गुपचूप झोपा, उद्या चालायचंय," असं दटावलं आणि ती गेली. झोप कुठली? डायरी काढून बसलो.

कुणी विचारलं की फिनलंडला कशाला निघालात, तर "भाचीकडे" असं सांगत होतो. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं कारण बॅगेत आहे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका रद्दीवाल्याकडे काही वर्षांपूर्वी पुठ्ठा निघालेलं एक पुस्तक मिळालं होतं. कार्ल गुस्ताफ एमिल मॅनरहाइमच्या आठवणी, १९५३ ची इंग्रजी संक्षिप्त आवृत्ती. जग त्याला दुसऱ्या महायुद्धात रशियाशी लढलेला फिनलंडचा मार्शल म्हणून ओळखतं. मला मात्र पहिल्या भागातला माणूस आवडला: तीस वर्षं झारच्या घोडदळात काढलेला, लढाईत घोडा गमावलेला, आणि पन्नाशीत ज्याचं सैन्य, सम्राट आणि नोकरी एकाच वर्षात नाहीशी झाली असा रशियन अधिकारी.

मी मूळचा नगरचा. चिलखती दलाचं केंद्र आमच्या गावात, त्यामुळे रणगाडे बघतच वाढलो. पलटणींची नावं मात्र जुनीच राहिली. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स. नावात घोडा आणि तबेल्यात रणगाडा. घोडा गेल्यावर स्वार काय करतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

संध्याकाळी बंदरावरच्या बाजारचौकात गेलो होतो. स्ट्रॉबेरी आणि तळलेले मासे विकणाऱ्यांच्या मधोमध दगडी खांब उभा आहे, वर सोनेरी गोळा आणि त्यावर रशियाचा दुतोंडी गरुड. झारची राणी इथे उतरली त्याची आठवण म्हणून १८३५ मध्ये उभारलेला. १९१७ च्या क्रांतीत रशियन खलाशांनी हा गरुड उपटून काढला. तो परत बसवला गेला १९७० च्या दशकात, तोही स्वतंत्र फिनलंडने! याच बंदरात मार्च १९१७ मध्ये बाल्टिक आरमाराचा प्रमुख अॅडमिरल नेपेनिन गोळी घालून मारला गेला. आज तिथे सीगल पक्षी पर्यटकांच्या हातातलं आइस्क्रीम पळवतात. माझंही पळवलं.

शनिवार, ३१ मे. कायवोपुइस्तो

आजचा दिवस फक्त एका घरासाठी ठेवला होता.

मॅनरहाइम संग्रहालय म्हणजे कायवोपुइस्तो बागेजवळच्या टेकडीवरचं त्याचं घर. १९२४ पासून मरेपर्यंत तो इथे राहिला, आणि तेही भाड्याने. घरमालक फाझेर, इथल्या प्रसिद्ध चॉकलेटवाल्यांचं घराणं. एकट्याने फिरू देत नाहीत, मार्गदर्शक बाईंबरोबर जावं लागतं. आमच्या गटात आठजण. भाची मला भाषांतराला म्हणून आली आणि पहिल्याच खोलीत माझ्यापेक्षा जास्त रमली.

खाली दिवाणखाना. वाघांची कातडी. त्यांच्याकडे बघून आपलं काहीतरी ओळखीचं दिसल्यासारखं झालं, कारण वाघ आपल्याच बाजूचे. उतारवयात तो शिकारीला हिंदुस्थानात आला होता. पण माझे डोळे शोधत होते ते टेबलावरच्या एका फोटोला. सापडला. निकोलाय दुसरा, सहीसकट. रशियापासून सुटलेल्या देशाच्या सेनापतीच्या घरात झारचा फोटो! कुणी नाराजी दाखवली तर तो माझा सम्राट होता, एवढंच उत्तर तो द्यायचा म्हणतात. मार्गदर्शक बाई हे सांगून हसल्या आणि पुढे गेल्या. मी जरा रेंगाळलो.

त्या सम्राटाच्या राज्याभिषेकात, मॉस्कोत, १८९६ मध्ये, हा अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट सिंहासनाच्या पायऱ्यांशी पूर्ण पोशाखात चार तास उभा होता. पांढरा डगला, सोनेरी चिलखत, शिरस्त्राणावर तोच दुतोंडी गरुड. पलटण शेव्हालिए गार्ड, म्हणजे राजवाड्याची खासगी पागा म्हणा. उंची सहा फुटांच्या वर होती म्हणून तो पुढच्या रांगेत. मिरवणुकीत झारच्या छत्राच्या पुढे चालतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. झारच्या गार्ड पलटणीतले अधिकारी आपल्या व्याख्येने अस्सल शिलेदार: घोडे स्वतःचे, पोशाख स्वतःचे, मेजवान्यांचा खर्चही स्वतःचा. पगारात ते भागणं शक्य नव्हतं. मॅनरहाइमच्या वडिलांचं दिवाळं वाजलेलं, त्यामुळे पैसे पुरवले ते आईच्या भावाने, आल्बर्ट फॉन यूलिनने. मी भाचीकडे बघितलं. "बघ, मामाच कामी येतो." ती म्हणाली, "मामा, तिकीट मी काढलंय." गप्प बसलो.

पुढे त्याला शाही तबेल्यात नेमलं. युरोपभर हिंडून झारसाठी घोडे निवडायचे, याहून सुखाची नोकरी घोडेवेड्याला कोणती? तिथेच, १८९८ मध्ये बर्लिनला, एका घोड्याने लाथ झाडून गुडघ्याची वाटी फोडली. १९०४ मध्ये संसार मोडलेला, कर्ज वाढलेलं, तो स्वखुशीने मांचुरियात जपानशी लढायला गेला. सोबत नेलेला तालिस्मान हा लाडका घोडा १९०५ च्या हिवाळ्यात गोळी लागून गेला.

वरच्या मजल्यावर आशियाची खोली आहे, आणि तिथे आमचा गट लांबला. १९०६ ते १९०८ अशी दोन वर्षं हा माणूस मध्य आशियातून पेकिंगपर्यंत घोड्यावर गेला. कागदोपत्री शास्त्रीय संशोधन, खरं काम रशियन लष्करासाठी हेरगिरी: रस्ते, पाणी, चिनी फौज, सगळ्याची नोंद. फिलिप नावाच्या घोड्याने त्याला पार नेलं. पण हेरगिरीच्या निमित्ताने त्याने जमवलेले फोटो, हस्तलिखितं आणि वस्तू आज अभ्यासकांना सोन्यासारख्या आहेत. वाटेत वूताय शान इथे तेरावे दलाई लामा भेटले. तिबेटमधून परागंदा झालेले, चिन्यांच्या नजरेखाली. मॅनरहाइमने त्यांना भेट म्हणून आपलं ब्राउनिंग पिस्तूल दिलं! ते भरायचं कसं हेही दाखवलं. पुस्तकात हा प्रसंग अगदी सरळ चेहऱ्याने लिहिलाय. आपल्या कुठल्या बखरकाराने यावर दहा पानं रंगवली असती.

परत आल्यावर झारने भेटीला वीस मिनिटं दिली होती, बोलता बोलता एक तास वीस मिनिटं झाली, असं आठवणींत आहे. एवढ्या पुस्तकात अभिमान असा क्वचितच डोकावतो.

शेवटची खोली निजायची. सगळ्या घरात गालिचे, झुंबरं, चांदी. आणि झोपायला अरुंद लोखंडी खाट, छावणीतली. भाचीला पटेना. "एवढा मोठा माणूस आणि यावर?" मला पटलं. आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार शेवटपर्यंत गादीवर झोपले नाहीत.

बाई जाता जाता एक गोष्ट बोलल्या. म्हातारपणी त्याने आपली बरीच कागदपत्रं स्वतः जाळली. मग स्वित्झर्लंडमध्ये, मॉन्त्रोजवळच्या व्हालमाँ इस्पितळात राहून, जवळच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने आठवणी लिहिल्या. म्हणजे आधी जाळलं आणि मग आठवलं. पुस्तक कोरडं का वाटतं, ते आज जरासं कळलं.

रविवार, १ जून. लौहिसारी

जावयांना सुट्टी, म्हणून गाडीने तुर्कूपलीकडे. लौहिसारीची हवेली १६५५ ची, तीन मजली, समोर लांबलचक हिरवळ. ४ जून १८६७ ला तो इथे जन्मला. १८८० मध्ये कर्जबाजारी बाप दुसऱ्या बाईबरोबर पॅरिसला निघून गेला, पुढच्याच जानेवारीत आई वारली, सात मुलं नातेवाइकांत वाटली गेली.

हवेली सुंदर आहे. पण मला घोडे दिसेनात, तबेल्यात कॉफीचं दुकान असावं असा वास आला, आणि डास भयंकर. दालचिनीचा बन खाऊन परतलो.

सोमवार, २ जून. हामिना

बसने दोन-सव्वादोन तास. हामिना हे गाव वरून बघितलं तर गाडीच्या चाकासारखं दिसतं: मधे अष्टकोनी चौकात नगरभवन, तिथून आरे निघावेत तसे रस्ते. याच गावात १८०९ च्या तहाने स्वीडनने फिनलंड रशियाच्या पदरात टाकला. म्हणून तर स्वीडिश बोलणाऱ्या सरदाराचा मुलगा झारचा अधिकारी होऊ शकला. देशद्रोह वगैरे काही नाही. त्या काळी तोच त्याचा राजा.

इथल्या कॅडेट शाळेत त्याला घातलं होतं. १८८६ मध्ये बिछान्यात बाहुलं झोपवून रात्री पळाला, पकडला गेला, नाव कमी झालं. शाळेतून हाकललेल्या या पोराला पुढच्या वर्षी पीटर्सबर्गच्या निकोलाय घोडदळ विद्यालयाने घेतलं. त्या जुन्या इमारतीत आता राखीव अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालतं. फाटकापाशी उभा राहून बघत होतो, तर विशीतली दोन पोरं बाहेर आली, एकाने माझ्याकडे पाहून मान लववली. त्यांना इथून सरहद्द किती जवळ आहे हे सांगायची गरज नाही. हमरस्त्यावरच्या पाट्यांवर फिन्निश आणि रशियन दोन्ही भाषांत पीटर्सबर्गचं नाव आहे आणि सरहद्दीवरचे नाके मात्र २०२३ च्या डिसेंबरपासून बंद. त्या दिशेला जाणारी रिकामी पट्टी बघत मी बसथांब्यावर पुस्तकातली ती पानं पुन्हा वाचली.

पीटर्सबर्ग, तेव्हाचं पेट्रोग्राड, मार्च १९१७. मॅनरहाइम रजेवरून आघाडीकडे परत निघाला होता, शहरात हॉटेल युरोपमध्ये उतरला होता. आता तो डिव्हिजनचा सेनापती. १९१४ मध्ये पोलंडच्या लढायांत सेंट जॉर्जचा क्रॉस मिळवलेला. सकाळी खिडकीतून बघतो तो रस्त्यावर गर्दी, लाल फिती. अधिकाऱ्यांना शोधत जमाव हॉटेलात शिरला आणि हा मागच्या दाराने सटकला. तीस वर्षं ज्या शहरात त्याचा गणवेश बघून लोक बाजूला सरायचे, तिथे तोच गणवेश जिवावर उठला होता. मॉस्कोला पोचेपर्यंत तिथेही तेच. झारने गादी सोडली.

यापुढची पानं मला सगळ्या पुस्तकात जास्त खरी वाटतात. तो रुमानियाच्या आघाडीवर गेला, वरिष्ठ सेनापती साखारोव्हला भेटला आणि क्रांतीविरुद्ध उभे राहा असं विनवलं. साखारोव्ह म्हणाला, वेळ आलेली नाही. मग महिन्या-महिन्याने सैन्य विरघळत गेलं. पेट्रोग्राडच्या सोव्हिएतचा, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदेचा, हुकूम क्रमांक १ आधीच निघाला होता, प्रत्येक तुकडीत सैनिकांच्या समित्या आल्या. हुकूम द्यायचा आणि तो समितीने मंजूर करायचा. नवं सरकार त्याला बढतीही देतं, घोडदळाचा अख्खा कोअर, म्हणजे काही डिव्हिजनांची फौज, देतं! देणाऱ्याला अधिकार नाही आणि घेणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. पानिपतानंतरच्या फौजेतसुद्धा स्वाराला आपला धनी कोण हे ठाऊक होतं. इथे धनीच उरला नव्हता.

सैनिकांच्या बाजूने तो एक शब्द लिहीत नाही. तीन वर्षं खंदकात उपाशी, अर्धे निरक्षर शेतकरी, घरी जमिनीची वाटणी सुरू झाल्याची बातमी; ते का थांबतील? हे घोड्यावरून दिसत नसावं.

मंगळवार, ३ जून. टांपेरे

आज मुद्दाम त्याच्या शत्रूंच्या गावात गेलो.

टांपेरे म्हणजे कापडगिरण्यांचं शहर, आपल्या सोलापूर-इचलकरंजीची थंड देशातली बहीण. मधोमध धबधबा आणि दोन्ही बाजूंना लाल विटांच्या गिरण्या. १९१८ च्या यादवी युद्धात हे शहर लाल पक्षाचा, म्हणजे समाजवादी कामगारांचा, बालेकिल्ला होतं. जानेवारीत फिनलंडच्या सरकारने या घरी परतलेल्या रशियन जनरलला सरसेनापती केलं, आणि ६ एप्रिलला त्याच्या पांढऱ्या फौजेने टांपेरे घेतलं. रस्त्यारस्त्यातून, घराघरातून लढाई झाली. दहा हजारांवर लाल कैदी. त्या वर्षात देशात सगळे मिळून छत्तीस हजारांच्या पुढे माणसं गेली, आणि त्यातली बारा हजारांहून जास्त लढाईत नव्हे, कैद्यांच्या छावण्यांत, भूक आणि साथींनी. एप्रिलअखेर पूर्वेकडचं व्हीपुरी शहर पडल्यावर तिथल्या शेकडो रशियनांना पांढऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्यातले कित्येक तर लालांचे विरोधक होते. फक्त रशियन असणं पुरलं.

पुतळा शहरात नाही. त्याला इथे चौक मिळाला नाही. १९५६ मध्ये शहराबाहेर लेइनोलाला, जिथून तो लढाई बघत होता म्हणतात त्या टेकाडावर, झाडीत उभा केला. बसमधून उतरून चढण चढून गेलो. हेलसिंकीतला पुतळा घोड्यावर आहे, हा पायउतार. यावर अधूनमधून रात्री कुणीतरी लाल रंग ओततं आणि 'लाहतारी' लिहितं, म्हणजे खाटीक. आज तो स्वच्छ होता. चौथऱ्याच्या खाचेत मात्र तांबूस काहीतरी राहिलेलं दिसलं, गंज असेल.

कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींना मी इंग्रजीत विचारलं, इथे लोक याला काय मानतात? त्यांनी थोडा विचार केला. "माझे आजोबा त्याच्या विरुद्ध लढले. वडील १९३९ मध्ये त्याच्या हाताखाली लढले." आणि कुत्र्याला घेऊन गेल्या. एवढ्या दोन वाक्यांनंतर पुतळ्याकडे परत बघायचं धाडस होईना.

छावण्यांबद्दल आठवणींत जे आहे ते मला फारच थोडं वाटलं. जाळलेल्या कागदांची मला तिथेच आठवण झाली.

बुधवार, ४ जून. मिक्केली

आज त्याचा वाढदिवस, आणि तोच फिनलंडच्या सैन्याचा ध्वजदिन. सगळीकडे निळा क्रूस. मिक्केली स्टेशनावर त्याचा सलून डबा उभा असतो, तो वर्षातून याच एका दिवशी लोकांना आतून बघायला मिळतो. सहलीच्या तारखा मी त्यावरूनच ठरवल्या होत्या. भाचीला हे आज गाडीत सांगितलं. "म्हणजे माझ्यासाठी आला नाहीत तर!" मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

मीही बघत बसलो. तळी, भूर्ज, पुन्हा तळी. आणि दुसरी एक गाडी डोळ्यांपुढे येत होती. १९१७ च्या शरदात त्याचा पाय दुखावला, उपचारासाठी तो ओडेसाला गेला आणि सेनापतिपद गेलं. तिथल्या हॉटेलात एका भविष्य सांगणाऱ्या बाईने त्याला तू सैन्याचं नेतृत्व करशील, विजय मिळवशील असं सांगितलं, ही गोष्ट तो चक्क गंभीरपणे देतो. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली. डिसेंबरच्या सुरुवातीला तो उत्तरेकडे निघाला. अख्खा रशिया ओलांडायचा, स्टेशनास्टेशनांत पळपुटे सैनिक डब्यांवर लटकलेले, अधिकाऱ्यांना खाली ओढून मारतात अशा बातम्या. आणि हा जनरलच्या गणवेशात! काढून टाकला असता तर? तो कारण देत नाही. मला वाटतं, त्याच्याकडे दुसरं घालायला काही नव्हतं. म्हणजे कपडे असतील, पण माणूस म्हणून दुसरं काही नव्हतं. १८ डिसेंबरला हेलसिंकीत पोचला. देश बारा दिवसांपूर्वी स्वतंत्र झालेला, आणि देशाची मुख्य भाषा फिन्निश त्याला धड येत नव्हती.

सलून डब्यापुढे रांग मोठी होती. पोरंबाळं, पदकं लावलेले म्हातारे, बाबागाडी घेतलेल्या आया. आत लाकडी भिंती, लांब टेबल, छोटी निजायची खोली. १९४२ च्या वाढदिवसाला याच डब्यात हिटलर येऊन बसला होता, इम्मोलाच्या विमानतळाजवळच्या रुळांवर. रांग पुढे ढकलत होती, चार मिनिटांत बाहेर.

युद्धकाळचं मुख्यालय ज्या शाळेत होतं तिथलं संग्रहालय पाहून झाल्यावर जेवायला बसलो. भाचीने फोर्शमाक मागवलं, मॅनरहाइमचं आवडतं: मेंढीचं मटण आणि खारवलेला हेरिंग मासा एकत्र बारीक करून शिजवलेलं. खिम्यात सुकट वाटून घातली तर जे होईल ते. तिने दोन घास खाऊन ताटली माझ्याकडे सरकवली. मला आवडलं.

सोबत मार्शलचा घोट. आक्वाव्हिट, त्यात थोडी व्हरमुथ आणि थोडी जिन, बर्फासारखी थंड. मुख्यालयाच्या पंगतीत पेला अगदी काठोकाठ भरायचा आणि उचलताना एक थेंब सांडायचा नाही, ही रीत त्याने रशियन घोडदळातून आणली असं सांगतात. वाढणाऱ्या मुलाने तसाच भरला. वरती पाण्यासारखी फुगवटी आली.

"मामा, हळू," भाची म्हणाली.

मी श्वास रोखून पेला उचलला. अर्ध्या वाटेत निम्मा टेबलावर.

मुलाने काही न बोलता फडकं आणलं.